विंडोज १० सोडायचंय: जीटीएक्स १०६० च्या गेमिंग पीसीवर कोणती लिनक्स डिस्ट्रो टाकू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

लिनक्सवाल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे: विंडोजऐवजी कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची कोणती तयार आवृत्ती, टाकू? पीसी २०१७ सालचा, सांगलीत दुकानातून जुळवून घेतलेला: इंटेल आय५-७४००, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डाचं ६ जीबीवालं मॉडेल, २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. मॉनिटर साधा, फुल एचडी, ६० हर्ट्झ. माझ्या खेळण्यापुरता हा डबा अजून ठणठणीत आहे. अडचण विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या प्रोसेसरला दारातच अडवतं. नवा पीसी घ्यावा म्हटलं तर सध्याचे रॅमचे भाव ऐकून घाम फुटतो.

खेळतो काय: काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, विचर ३, एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती, आणि एपिकच्या ऑनलाइन दुकानातून फुकटात जमवलेली गेमांची रास, जी बहुतेक उघडलेलीच नाही. धाकटा भाऊ व्हॅलोरंटवाला. आई याच पीसीवर बचत गटाचे अहवाल मराठीत टाइप करते, त्यामुळे तेही चाललं पाहिजे.

फायबरचं इंटरनेट बरं आहे. वीज मात्र सांगून जात नाही आणि यूपीएसची बॅटरी कधीच गतप्राण झाली आहे.

यूट्यूबवर एक जण बझाइट म्हणतो, दुसरा कॅचीओएस, तिसरा नोबारा, ऑफिसातला मित्र म्हणतो गपगुमान उबंटू टाक. कॉलेजात उबंटू वापरलंय, टर्मिनलची भीती नाही, पण हौसही नाही. संध्याकाळी तासभर खेळायला बसलो की खेळायचंच असतं, दुरुस्ती नाही.

एफपीएस_भुकेला

कॅचीओएस. डोळे झाकून. आर्चवर आधारित आहे, कर्नल (सिस्टीमचा गाभा) गेमिंगसाठी घासूनपुसून दिलेला, पॅकेजेसही नव्या प्रोसेसरच्या सूचना वापरून बांधलेली. तुझा आय५ एव्हीएक्स२ वाला आहे, त्याला या सूचना कळतात, म्हणजे त्याला त्या वेगवान पॅकेजेसचा फायदा मिळेल. इन्स्टॉल झाल्यावर एका बटणात स्टीम (गेमांचं ऑनलाइन दुकान), हिरोइक (एपिकचे गेम चालवायला), प्रोटॉन सगळं येतं.

खडूस काका

आलं का कॅची लगेच! अहो, त्या मुलाने काय काय खेळतो ते लिहिलंय, ते तरी वाचा.

कृष्णाकाठ, डिस्ट्रोचं नाव हा शेवटचा प्रश्न. आधी तुझी गेमांची यादी बघू, कारण काही गेम कुठल्याच डिस्ट्रोवर चालणार नाहीत आणि ते आज कळलेलं बरं.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात ते प्रोटॉनमुळे. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने ते ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलं. आत वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा जो प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, आणि सोबत डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी ही दोन दुभाषी. पहिलं डायरेक्टएक्स ८ ते ११ चं, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेचं, बोलणं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये करतं, दुसरं डायरेक्टएक्स १२ चं. हे सगळं स्टीमबरोबर येतं. म्हणजे मिंट असो, फेडोरा असो की आर्च, प्रोटॉन तेच. 'गेमिंग डिस्ट्रो' म्हणून जे विकतात त्यातला निम्मा माल तुला कुठेही मिळतो.

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोघांनीही २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती वाट उघडायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. एल्डन रिंगने उघडली, ती मजेत चालते. फोर्टनाइट एपिकचा आणि ईझी अँटी-चीटही एपिकचंच, तरी फोर्टनाइटला लिनक्स चालत नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, तो ऑक्टोबर २०२४ अखेर बंद केला. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय लावलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. कथा मात्र एकट्याने खेळता येते.

व्हॅलोरंट विसर. त्याचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, त्याला लिनक्सवर जागाच नाही. कोणी यूट्यूबवर 'व्हॅलोरंट ऑन लिनक्स' दाखवत असेल तर तो स्वतःचा वेळ आणि तुझं खातं दोन्ही घालवणार आहे.

तुझ्या यादीतलं बाकी: सीएस २ खुद्द लिनक्ससाठी बनलेला आहे, प्रोटॉनही लागत नाही. विचर ३ आणि एज ऑफ एम्पायर्स प्रोटॉनवर चालतात. प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर प्रत्येक गेमचं नाव टाकून बघ, लोकांनी आपापल्या कार्डासकट अनुभव लिहिलेले असतात. वरचा 'गोल्ड', 'प्लॅटिनम' बिल्ला बघून थांबू नकोस, खाली १०६० वाल्यांनी काय लिहिलंय ते शोध.

पेंग्विनपंत

काकांना +१. आता कार्डाबद्दल, कारण या धाग्याचा खरा निकाल तिथे लागतो.

जीटीएक्स १०६० हे पास्कल पिढीचं कार्ड. एनव्हिडियाने जाहीर केलंय की ५८० ही ड्रायव्हरची शाखा मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा यांच्यासाठी शेवटची. पुढच्या ५९० पासून ही कार्डं बाद. ५८० ला २०२८ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळत राहतील, म्हणजे कार्ड मेलेलं नाही, निवृत्त झालंय.

याचा डिस्ट्रोशी संबंध असा. आर्चसारख्या रोलिंग, म्हणजे सतत अपडेट होत राहणाऱ्या, डिस्ट्रोत नेहमी ताजा ड्रायव्हर येतो. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने ५९० घेतला आणि तेव्हा सरळ बातमी लावली की पास्कल आणि त्याहून जुनी कार्डं असलेल्यांनी नुसतं अपडेट केलं तर ड्रायव्हर लोड होणार नाही, डेस्कटॉपच येणार नाही असंही होऊ शकतं. त्यावर उपाय आहे, एयूआरमधून (आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारातून) ५८० चं पॅकेज घ्यायचं. पण ते तुम्ही वाचलेलं हवं, कर्नल बदलला की तो ड्रायव्हर पुन्हा बांधला गेलाय ना हे बघायला हवं. 'खेळायला बसलो की खेळायचंच' म्हणणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावं?

मुक्त ड्रायव्हर वापरू असं कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. एनव्हिडियाने जे मुक्त कर्नल मॉड्यूल दिलेत ते ट्युरिंगपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्सना. जुना नोव्हो ड्रायव्हर पास्कलवर चित्र दाखवतो, पण सही केलेल्या फर्मवेअरच्या अडचणीमुळे कार्डाचा क्लॉक वर नेऊ शकत नाही. कार्ड जन्मभर पहिल्या गिअरमध्ये. गेमिंगला उपयोग शून्य.

तर तुमच्यासाठी जी डिस्ट्रो ५८० शाखा शांतपणे सांभाळेल ती चांगली. माझं मत लिनक्स मिंट, २२ ची मालिका, सिनॅमन डेस्कटॉप. उबंटू २४.०४ च्या पायावर आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. त्यात ड्रायव्हर मॅनेजर नावाचं साधं खिडकीतलं साधन आहे, तिथून ५८० निवडायचा, रीस्टार्ट, विषय संपला. टाइमशिफ्ट आधीच बसवलेलं असतं; अपडेटआधीची प्रत ठेवली की काही बिनसलं तर मागे येता येतं.

ऑफिसातल्या मित्राचं उबंटूही चालेल, फक्त स्टीम स्नॅपमधून, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीतून, घेऊ नका. स्नॅपवाल्या स्टीमच्या तक्रारी इतक्या आल्या की व्हॉल्व्हच्या माणसांनीच ते टाळून आपलं डेब पॅकेज घ्या असं सांगितलं. मिंटमध्ये स्नॅप मुळात बंदच असतं.

एफपीएस_भुकेला

पंत, अर्धीच गोष्ट सांगताय. कॅचीने ५८० चा ड्रायव्हर आपल्याच भांडारात ठेवलाय आणि त्यांचं हार्डवेअर ओळखणारं साधन जुन्या कार्डाला तोच लावतं. एयूआरची उठाठेव नाही. शिवाय मिंटचा कर्नल जुना. विंडोजचे गेम सुरळीत चालायला मदत करणारं एनटीसिंक ६.१४ कर्नलमध्ये आलं, ते नको का?

पेंग्विनपंत

कॅचीच्या लोकांनी ते नीट हाताळलं, मान्य. रोलिंग डिस्ट्रोत मी कोणाला पाठवलंच तर कॅचीलाच पाठवीन. पण एनटीसिंकचं ऐका: प्रोटॉनमध्ये त्याच कामाचं एफसिंक आधीपासून आहे, त्याच्या तुलनेत बहुतेक गेमांत फरक जाणवतही नाही. आणि मिंट २२.२ पासून कर्नल ६.१४ च आहे. राहिला घासलेला शेड्युलर (प्रोसेसरला कामं वाटून देणारा भाग). चार कोर, चार थ्रेडचा आय५, ६० हर्ट्झचा मॉनिटर. जे फ्रेम वाढतील ते दाखवायला पडदा कुठाय?

एफपीएस_भुकेला

१% लो, म्हणजे सगळ्यात संथ १% फ्रेमांचा वेग, नावाची एक गोष्ट असते पंत. सरासरी ६० असली तरी गचके बसतात, ते कमी होतात.

खडूस काका

गचके बसतात कारण त्या पोराचे गेम हार्ड डिस्कवर आहेत. आधी एसएसडी.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.)

रेवा_म

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझ्याकडे बझाइट आहे, नाशिकजवळ राहते, वीज आमच्याकडेही तशीच लहरी.

बझाइट फेडोरा अ‍ॅटॉमिकवर बांधलेलं आहे. त्याचा अर्थ असा की मूळ सिस्टीम एका अख्ख्या इमेजसारखी असते, तिच्यात आपण इकडेतिकडे फाइली बदलत नाही. अपडेट आलं की नवी इमेज शेजारी तयार होते आणि पुढच्या रीस्टार्टला ती वापरात येते. मध्येच वीज गेली तर जुनी जशीच्या तशी असते. नवीन आवडली नाही तर बूट मेन्यूत मागची निवडायची. ज्या घरात बॅटरी मेलेली आहे तिथे हा मुद्दा माझ्या मते फ्रेमच्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे. मिंटमध्ये अपडेट अर्ध्यात तुटलं तर बहुतेकदा एका आज्ञेने सावरतं, पण ती आज्ञा ठाऊक हवी आणि काळ्या पडद्यासमोर डोकं शांत हवं.

दादा, डाउनलोड करताना साइट विचारते कार्ड कोणतं. १० सीरिजसाठी वेगळी एनव्हिडिया इमेज आहे, १६ आणि आरटीएक्ससाठी वेगळी. चुकीची घेतलीस तर काळा पडदा ठरलेला.

वजा बाजू दोन. एक म्हणजे आकार. इमेज मोठी, अपडेटही मोठी. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर जगणाऱ्यांनी वाटेलाही जाऊ नये. तुझं फायबर आहे म्हणून बोलतेय. दुसरं, सॉफ्टवेअर बहुतेक फ्लॅटपॅकमधून (सिस्टीमपासून वेगळ्या राहणाऱ्या पॅकेजेसमधून) घ्यायचं. सिस्टीमच्या पोटात काही घालायचं तर त्याची रीत वेगळी, आणि इंटरनेटवरच्या निम्म्या जुन्या 'हे टाइप करा' सल्ल्यांचा तिथे उपयोग होत नाही. माझ्या मते हाही फायदाच आहे, पण ते जाऊ दे.

हॅम्बर्गकर

कोणी विचारायच्या आत: व्हॉल्व्हचं स्वतःचं स्टीमओएस का नाही? माझ्याकडे स्टीम डेक आहे, त्यावर ते सुरेख चालतं. आर्चवर आधारित, केडीई डेस्कटॉप, वर गेमिंग मोड. पण ते एएमडीच्या ग्राफिक्ससाठी आहे. एनव्हिडियाच्या डेस्कटॉपवर ते टाकायच्या फंदात पडू नका. डेकसारखा अनुभव हवा म्हणून लोक बझाइटकडे जातात, पण तो टीव्हीसमोरचा गेमिंग मोडही १० सीरिजच्या कार्डांवर मिळत नाही, साधा डेस्कटॉपच घ्यावा लागतो.

नोबाराचंही सांगतो. प्रोटॉन-जीई ही प्रोटॉनची सुधारित आवृत्ती बनवणाऱ्याचीच ती डिस्ट्रो, फेडोरावर आधारित, गेमिंगचं सगळं आधीच घातलेलं. चांगली आहे, पण चमू अगदी छोटा. आणि त्यातली सगळ्यात मौल्यवान चीज, म्हणजे प्रोटॉन-जीई, प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या साधनातून मिंटवरही दोन क्लिकमध्ये येते. काकांचं 'निम्मा माल कुठेही मिळतो' हे याला लागू.

अवांतर: एएमडीचं कार्ड असतं तर हा धागा चार ओळींत संपला असता. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, काही टाकावं लागत नाही. एएमडीचं जुनं आरएक्स ५८० कार्डदेखील आजही निमूट चालतं.

दर्यावर्दी

म्हणून आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन सेकंडहँड आरएक्स ५८० आणू नये. त्यातली कितीतरी क्रिप्टोच्या खाणीत राबून आलेली असतात. १०६० हातात आहे, ती वापरा.

आम्ही गोंयकार सुशेगाद, म्हणून मी सोपा मार्ग सांगतो: विंडोज काढूच नका. व्हॅलोरंटवाला भाऊ घरात आहे, तर त्याच्यासाठी जुन्या एसएसडीवर विंडोज १० राहू दे. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव घातलं तर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. त्या विंडोजवर बँकेची, आधारची कामं करू नयेत, फक्त गेम.

कोणी रुफसने (इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने) टीपीएमची, म्हणजे सुरक्षा चिपची, अट टाळून विंडोज ११ टाकायला सांगेल. टाकता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणजे ज्या गेमसाठी हा खटाटोप, तोच अडून बसायचा.

लिनक्सला वेगळी एसएसडी घ्या. इन्स्टॉल करताना विंडोजच्या ड्राइव्हची साटा केबल काढून ठेवा. मग बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम) एकमेकांत गुंतत नाहीत आणि कुठली डिस्क पुसली जातेय ही धाकधूक राहत नाही. नंतर केबल लावा, मशीन सुरू करताना बूट मेन्यूच्या कळीने हवी ती डिस्क निवडा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला व्हॅलोरंटचं सांगितलं, त्याने तोंड फिरवलं. तेव्हा दर्यावर्दींचा मार्ग बरा.

दोन शंका. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर स्टीमचे गेम आधीच उतरवलेले आहेत, तेच लिनक्समध्ये वापरता येतील का? पुन्हा एवढं डाउनलोड नको. आणि आईच्या टायपिंगचं कोणी बोललंच नाही.

पेंग्विनपंत

ती डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल पद्धतीत, असणार. तिथूनच गेम चालवायचा मोह टाळा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतं आणि तिच्यात अपूर्णविरामाचं चिन्ह असलेली नावं असतात, जी विंडोजच्या लेखी अवैध. आज गेम चालेल, उद्या विंडोजने डिस्क तपासताना ते 'दुरुस्त' केलं की गेम उघडणार नाही आणि कारण सापडणार नाही. भर म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेलं विंडोज खरं बंद झालेलंच नसतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते. ते आधी कंट्रोल पॅनेलमधून बंद करा.

डाउनलोड मात्र वाचवता येतं. लिनक्सची नवी एसएसडी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) ठेवा, तिथे स्टीम लायब्ररी करा आणि जुन्या डिस्कवरचं गेमचं फोल्डर त्या लायब्ररीत कॉपी करून टाका. मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबलं की ते असलेल्या फाइली तपासतं आणि उणं असेल तेवढंच उतरवतं. सीएस २ ची लिनक्स आवृत्ती वेगळी असल्यामुळे त्याचा काही भाग नव्याने येईल.

सेटिंगमध्ये शेडर प्री-कॅशिंग (गेमच्या ग्राफिक्सची आधीच करून ठेवलेली तयारी) दिसेल. ते चालू असलं की स्टीम गेमगणिक अधूनमधून बरंच काही उतरवत बसतं. फायबर आहे तर राहू द्या, गचके कमी होतात.

बोरूबहाद्दर

आईंच्या टायपिंगचं मी सांगतो, गेममधलं मला ओ की ठो कळत नाही. त्या कशा टाइप करतात ते आधी विचारा.

इनस्क्रिप्टवाल्या असतील तर काहीच टाकायला नको. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांत 'मराठी' शोधा, इनस्क्रिप्टची सुधारित मांडणी तिथे आहे, शेजारी एक फोनेटिकही आहे. इंग्रजी अक्षरांतून लिहीत असतील तर आयबस (भाषांच्या टायपिंगचं साधन) आणि त्याचं एम१७एन टाका. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन आणि चक्क गमभन ही मराठी टायपिंगची जुनी ओळखीची पद्धतही आहे. आपल्यातल्या जुन्या जाणत्यांची बोटं त्यावरच बसलेली आहेत.

युनिकोडमधल्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतील. मंगल फाँट नसेल म्हणून ओळी थोड्या सरकतील, नोटो किंवा लोहित निवडला की वाचायला छान. पण जुने अहवाल युनिकोडआधीच्या डीटीपी फाँटमध्ये असतील तर ते लिनक्सवर आपोआप देवनागरी होणार नाहीत. अशा फाइली विंडोजमध्ये असतानाच युनिकोडमध्ये फिरवून घ्या.

रेवा_म

गमभनचं माहीत नव्हतं, मस्त!

या बाबतीत मिंट सोपं, हे मीही मान्य करते. घरातली तीन माणसं एकच पीसी वापरतात, तर मिंट. एकटाच असतास तर बझाइटसाठी भांडले असते.

खडूस काका

लिहून ठेवा, धाग्यावर कोणीतरी दुसऱ्याचं मान्य केलं.

कृष्णाकाठ, ठरवण्याआधी एक कर. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो सुरू करणारं साधन) पेनड्राइव्हवर टाक आणि त्यात मिंट आणि बझाइट दोन्हींच्या फाइली नुसत्या कॉपी कर. मिंट इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर, कंट्रोलर तपासून घे. गेमचा वेग मात्र लाइव्हमध्ये मोजू नकोस, तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसलेला नसतो.

कृष्णाकाठ

अपडेट. ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली आणि मिंट टाकलं. यूपीएसची बॅटरीही बदलून घेतली, रेवाताईंच्या प्रतिसादाने घाबरवलं होतं.

सिक्युअर बूट चालू असल्यामुळे ड्रायव्हरनंतर रीस्टार्टला एक निळा पडदा आला, किल्लीची नोंदणी करा म्हणून. इन्स्टॉल करताना ठेवलेला पासवर्ड दिला, झालं. ज्यांना असा पडदा दिसेल त्यांनी घाईत 'कंटिन्यू' दाबून पुढे जाऊ नये, मग ड्रायव्हर लोडच होत नाही.

सीएस २ पहिल्या काही सामन्यांत अडखळला, नंतर सुरळीत. एज ऑफ एम्पायर्स झकास. जीटीए कथा चालू आहे. एपिकचे गेम हिरोइकमधून आले, त्यातले दोन चालवले. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवलेला 'राजी' बरेच दिवस घ्यायचा होता, तोही घेतला, प्रोटॉनवर विनातक्रार चालला.

विचर ३ मात्र विंडोजपेक्षा जड वाटतोय. सेटिंग तीच ठेवली आहेत. यावर काही?

पेंग्विनपंत

तो डायरेक्टएक्स १२ मध्ये उघडत असेल. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून त्यात ११ आणि १२ असे दोन पर्याय आहेत. एनव्हिडियावर, त्यातही पास्कलवर, १२ चं भाषांतर लिनक्समध्ये महाग पडतं. सुरुवातीच्या लाँचरमध्ये ११ निवडा. हाच नियम इतर गेमांनाही: ११ चा पर्याय दिसला की आधी तो. नुसते १२ वर चालणारे नवे मोठे गेम १०६० वर लिनक्समध्ये खेळण्यात मजा नाही, ते विंडोजमध्येच राहू द्या.

मँगोहड टाका, पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, तापमान, मेमरी सगळं दिसतं. अंदाजाने बोलायला नको.

कृष्णाकाठ

११ केलं. आता बरोबर वाटतंय. मँगोहड रात्री बघतो.

अजून एक गंमत: विंडोजमध्ये गेलो की घड्याळ चुकलेलं असतं.

दर्यावर्दी

बरोबर साडेपाच तासांनी ना? मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तेच स्थानिक वेळ समजून वाचतं. लिनक्सला 'घड्याळ स्थानिक वेळेत ठेव' असं सांगता येतं, टाइमडेटसीटीएल नावाची आज्ञा आहे, तिचा लोकल-आरटीसी पर्याय चालू करा. एकदाच करायचं.

मिनी_म

धागा छान, वाचनखूण साठवली. माझा लॅपटॉप आहे, रायझन ५ आणि आरटीएक्स ३०५०. मीही मिंटच घेऊ का?

पेंग्विनपंत

ताई, तुमचं गणित वेगळं. ३०५० अँपिअर पिढीचं, त्याला नवे ड्रायव्हर मिळत राहणार, त्यामुळे ५८० वर अडकायचं कारण नाही. बझाइट, कॅची, फेडोरा, सगळी दारं उघडी. लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा असेल आणि घरी ६० चा दुसरा मॉनिटर जोडत असाल तर केडीई डेस्कटॉप आणि वेलँड (पडदा रंगवणारी नवी यंत्रणा) असलेली डिस्ट्रो घ्या. वेगवेगळ्या रिफ्रेशचे दोन पडदे तिथे नीट जमतात, मिंटचा नेहमीचा सिनॅमन अजून एक्स११ या जुन्या यंत्रणेवर आहे आणि तिथे कुरकुर होते.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, रायझनमधलं एएमडीचं आणि वेगळं एनव्हिडियाचं. रोजच्या कामाला एएमडी आणि फक्त गेमला एनव्हिडिया अशी विभागणी ठेवा, नाहीतर बॅटरी बघता बघता संपेल. आणि गेमांची यादी टाका ना इथे.

मिनी_म

सिम्स ४, स्टारड्यू व्हॅली, हॉगवर्ट्स लेगसी. नवऱ्याचा ईएचा फुटबॉल.

खडूस काका

पहिले तीन खेळा. नवऱ्याच्या फुटबॉलला ईएचं अँटी-चीट आहे, तो लिनक्सवर उघडणार नाही. त्यांना विंडोजचं पार्टिशन ठेवा.